बुडालेलं वर काढणारा माणूस : नौदल अभियंता एडवर्ड एल्सबर्ग



वर्गात 'शौर्यपदक' हा विषय निघाला की मुलांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. हातात बंदूक घेतलेला जवान, समोर शत्रू आणि धडाडणाऱ्या तोफा. ते चित्र काही चुकीचं नाही. पण लढाईत असेही लोक असतात ज्यांनी कधी गोळी झाडली नाही, एकही जहाज बुडवलं नाही, तरी त्यांच्या छातीवर पदकं लागली. आज आपण अशाच एका माणसाची ओळख करून घेणार आहोत. अमेरिकेच्या नौदलातले अभियंते एडवर्ड एल्सबर्ग. यांचं काम काय होतं, तर इतरांनी जे बुडवलं ते वर काढायचं!

विज्ञान, इतिहास, भूगोल आणि मूल्यशिक्षण असे चारही तास या एका चरित्रात सापडतात. म्हणून जरा सविस्तर लिहिलं आहे.

जन्म आणि शिक्षण

एडवर्ड एल्सबर्ग यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८९१ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन या गावी झाला. पुढे त्यांचं कुटुंब कोलोरॅडोत राहायला गेलं. गंमत बघा, कोलोरॅडो म्हणजे डोंगराळ प्रदेश. समुद्र तिथून शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी वाढलेला हा मुलगा नौदल अकादमीत गेला आणि १९१४ साली वर्गात पहिला येऊन बाहेर पडला.

नौदलात दोन प्रकारची कामं असतात. एक म्हणजे जहाज चालवणं आणि लढवणं. दुसरं म्हणजे जहाज बांधणं आणि दुरुस्त करणं. एल्सबर्ग दुसऱ्या वाटेने गेले. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे ज्याला आपण एमआयटी म्हणतो तिथे, त्यांनी नौकाबांधणीचं पुढचं शिक्षण घेतलं. पहिलं महायुद्ध चालू असताना ते न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत होते. अमेरिकेने ताब्यात घेतलेली जर्मन प्रवासी जहाजं दुरुस्त करून कामाला लावायची, हे त्यांचं पहिलं मोठं काम. तेव्हाही बातमी झाली ती लढणाऱ्यांची. गोदीत घाम गाळणाऱ्यांची बातमी होत नाही.

एस-५१ पाणबुडी आणि पहिलं पदक

२५ सप्टेंबर १९२५ ची रात्र. ब्लॉक आयलंड या बेटाजवळ अमेरिकेची 'एस-५१' ही पाणबुडी पाण्याच्या पृष्ठभागावरून चालली होती. 'सिटी ऑफ रोम' नावाची प्रवासी बोट तिच्यावर येऊन आदळली आणि पाणबुडी बघता बघता बुडाली. तिघे वाचले, ३३ जण गेले.

पाणबुडी १३२ फूट खोल, तळाच्या चिखलात जाऊन बसली. वजन सुमारे हजार टन. खाजगी कंपन्यांच्या क्रेनना ती उचलता आली नाही. मग नौदलाने स्वतःच हे काम करायचं ठरवलं. कॅप्टन अर्नेस्ट किंग मोहिमेचे प्रमुख होते. हेच किंग पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सगळ्या नौदलाचे सरसेनापती झाले. पाणबुडी प्रत्यक्ष वर काढण्याची तांत्रिक जबाबदारी मात्र एल्सबर्ग यांच्यावर आली. वय होतं ३३.

इथे मुलांना एक शब्द समजावून सांगावा लागेल, बरं का. 'पाणबुडी' म्हणजे पाण्याखालून चालणारं जहाज आणि 'पाणबुड्या' म्हणजे पाण्यात बुडी मारून काम करणारा माणूस. आजचे पाणबुडे पाठीवर सिलिंडर घेऊन हलकेच पोहतात. त्या काळी तसं नव्हतं. डोक्यावर तांब्याचं जड शिरस्त्राण, पायात शिशाचे बूट, अंगावर रबरी कापडाचा पोशाख आणि वरच्या बोटीतून नळीने येणारी हवा. १३२ फुटांवर, म्हणजे सुमारे ४० मीटर खोल, माणसावर दाब किती असतो? जमिनीवर असतो त्याच्या जवळजवळ पाचपट. त्यात पाणी गारठलेलं आणि काळोख. हात पुढे केला तरी दिसत नाही. तळाशी थोडा वेळ काम करायचं आणि वर येताना मात्र टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत यायचं. घाईने वर आलं तर रक्तात हवेचे बुडबुडे तयार होतात आणि माणूस लुळा पडतो, प्रसंगी मरतो.

योजना अशी होती. पाणबुडीच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे पोकळ लोखंडी पिंप बुडवायचे. त्यांना पाँटून म्हणतात. प्रत्येक पाँटून ८० टन उचलेल एवढा मोठा. असे आठ पाँटून पाणबुडीखालून ओवलेल्या साखळ्यांनी बांधायचे. मग त्यांच्यातलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढायचं. पण ८० गुणिले ८ म्हणजे ६४० टनच झाले. उरलेल्याचं काय? त्यासाठी पाणबुडीचेच काही कप्पे पाणबुड्यांनी आत जाऊन बंद करायचे आणि त्यांतही हवा भरायची. हे गणित फळ्यावर मांडून दाखवण्यासारखं आहे.

साखळ्या ओवायला पाणबुडीखाली बोगदा खणावा लागत होता. पाण्याचा जोरदार फवारा मारून चिखल उडवायचा आणि सरपटत पुढे जायचं. एकदा एका पाणबुड्याच्या मागे बोगदा ढासळला. तो जिवंत गाडला गेला. वळायलाही जागा नाही. त्याने हातातली नळी कशीबशी दोन पायांच्या मधून मागे वळवली आणि फवाऱ्याने चिखल उडवत, उलटा सरकत स्वतःची सुटका केली. नंतर एल्सबर्ग यांनी त्या नळीचं तोंडच बदललं. पाण्याच्या झटक्याने ती पाणबुड्याला मागे ढकलू नये अशी नवी रचना केली. पाण्याखाली लोखंड कापणाऱ्या ज्योतीतही त्यांनी सुधारणा केली.

हिवाळ्यात काम थांबलं. त्या मधल्या काळात एल्सबर्ग स्वतः पाणबुड्याचं काम शिकले. हे त्यांच्या पदाला आवश्यक नव्हतं. अभियंत्याने वर बोटीत बसून हुकूम दिले असते तरी चाललं असतं. पण ज्या अंधारात आपण माणसं पाठवतो तो अंधार आपण पाहिलेला असावा, असं त्यांना वाटलं असणार. वसंतात काम पुन्हा सुरू झालं तेव्हा तेही खाली उतरले.

जून १९२६ मध्ये पाणबुडी वर आली खरी, पण वादळात आणि भलत्याच वेळी. ती तशीच सांभाळणं शक्य नव्हतं. इतक्या महिन्यांच्या मेहनतीने वर आणलेली पाणबुडी त्यांना पुन्हा बुडू द्यावी लागली! माणसं खचली असतील की नाही? तरी पुन्हा पाँटून लावले, पुन्हा साखळ्या बांधल्या आणि ५ जुलै १९२६ रोजी एस-५१ वर आली. तिला ओढत न्यूयॉर्कला नेताना वाटेत ती खडकावर अडकली. तिथूनही सोडवली आणि गोदीत पोचवली. आत अडकलेल्या खलाशांचे मृतदेह त्यांच्या घरच्यांना मिळाले.

या कामाबद्दल एल्सबर्ग यांना नौदलाचं 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल' मिळालं. शांततेच्या काळात, गोळी न झाडता, मेलेल्या माणसांना घरी आणण्यासाठी मिळालेलं हे पदक. त्याच वर्षी त्यांनी नौदलाची नोकरी सोडली आणि एका तेल कंपनीत मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले.

एस-४ : जिथे उशीर झाला

चरित्र सांगताना आपण फक्त यश सांगतो. मुलांना वाटतं, मोठी माणसं कधी हरतच नाहीत. म्हणून हा भाग वगळू नये असं मला वाटतं.

१७ डिसेंबर १९२७ रोजी एस-४ ही दुसरी पाणबुडी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाली. एकूण ४० माणसं होती. त्यातली सहा जण पुढच्या कप्प्यात जिवंत होती. आतून हातोडीने ठोकून ती संदेश देत होती आणि बाहेरून पाणबुडे ठोकून उत्तर देत होते. एल्सबर्ग तेव्हा नोकरीत नव्हते. तरी बातमी कळताच ते आपणहून मदतीला गेले. पण वर वादळ सुरू झालं होतं. कामच करता येईना. दिवस गेले, आतला प्राणवायू संपला आणि ठोकणं थांबलं. सहाही जण गेले.

या दुर्घटनेनंतर लोकांनी नौदलाला जाब विचारला. बुडालेली पाणबुडी महिन्यांनी वर काढून काय उपयोग? माणसं जिवंत असताना बाहेर काढायची सोय का नाही? त्या प्रश्नातून पुढे बचावाची साधनं तयार झाली. घंटेच्या आकाराची एक बचाव-कोठडी बनवली गेली. ती तारेने खाली सोडून पाणबुडीच्या झाकणावर घट्ट बसवायची आणि माणसं आत घ्यायची. मे १९३९ मध्ये स्क्वालस ही पाणबुडी बुडाली तेव्हा याच कोठडीने ३३ जणांना जिवंत वर आणलं. कोठडी खाली सोडणारं जहाज होतं 'फाल्कन'. एस-५१ च्या वेळी एल्सबर्ग यांची मोहीम ज्या जहाजावरून चालली होती, तेच हे. एस-५१ मध्ये ३३ गेले होते, स्क्वालसमधून ३३ परत आले. हा योगायोग मुलांच्या लक्षात राहतो.

पन्नाशीत पुन्हा गणवेश

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी एल्सबर्ग वॉशिंग्टनला गेले आणि नौदलात पुन्हा घ्या म्हणून मागे लागले. वय ५० पूर्ण. घरी पत्नी ल्युसी आणि मुलगी मेरी. लेखक म्हणून नाव झालेलं. या वयात घरी बसले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. त्यांना घेतलं आणि पाठवलं कुठे, तर तांबड्या समुद्राच्या काठी, आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशात, मसावा बंदरावर.

आता थोडा इतिहास-भूगोल. एरिट्रिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. १९४१ च्या सुरुवातीला ब्रिटिशांनी तिथे मोहीम काढली. त्या फौजेत चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन होती. केरेनच्या डोंगरात फेब्रुवारी-मार्चमध्ये भयंकर लढाई झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचे आपले जवान तिथे लढले, बरेच कामी आले. केरेन पडलं म्हणून मसावाचा रस्ता मोकळा झाला आणि ८ एप्रिल १९४१ ला मसावा पडलं. म्हणजे एल्सबर्ग ज्या बंदरावर काम करायला आले, त्या बंदराची वाट आपल्या मातीतल्या माणसांनी रक्त सांडून उघडली होती. हे मुलांना जरूर सांगा.

पण हरणाऱ्या इटालियनांनी जाताना बंदर निकामी करून ठेवलं होतं. जहाजं रांगेने उभी करून बुडवली, म्हणजे बंदराचं तोंडच बंद. दोन तरंगत्या गोद्या बॉम्ब लावून तळाला घातल्या. कार्यशाळेतली यंत्रं घणाने फोडली.

तरंगती गोदी म्हणजे काय?

जहाज समुद्रात राहून राहून त्याच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. मग वेग कमी होतो, इंधन जास्त लागतं. कोकणातले मच्छीमार होडी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडतात, रंग लावतात, ते याचसाठी. पण हजारो टनांचं जहाज किनाऱ्यावर कसं ओढणार? त्यासाठी सुकी गोदी लागते. मुंबईच्या नौदल गोदीत अठराव्या शतकातली दगडी सुकी गोदी आहे. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं.

तरंगती गोदी म्हणजे हीच सोय, पण लोखंडाची आणि पाण्यावर तरंगणारी. खाली मोठी पोकळ पेटी आणि दोन बाजूंना उंच पोकळ भिंती. पेटीत पाणी घेतलं की गोदी खाली बसते. जहाज दोन भिंतींच्या मध्ये येऊन उभं राहतं. मग पेटीतलं पाणी पंपाने काढलं की गोदी वर येते, जहाजाला पाठीवर घेऊन.

भूमध्य समुद्राच्या त्या बाजूला ब्रिटिश नौदलाची मोठी तरंगती गोदी होती इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात आणि तिच्यावर शत्रूच्या विमानांची सतत नजर. १९४२ च्या उन्हाळ्यात तर जर्मन सेनापती रोमेल एल अलामेनपर्यंत आला. तिथून अलेक्झांड्रिया जेमतेम शंभर किलोमीटर. ती गोदी गेली तर जखमी जहाजांना जायला जागा कुठे? म्हणून मसावा सुरू होणं गरजेचं होतं.

नऊ दिवस

एल्सबर्ग मार्च १९४२ मध्ये मसावाला पोचले. हे जगातल्या सगळ्यात उष्ण बंदरांपैकी एक. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावला तर चटका बसतो आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही. हाताशी माणसं मोजकी, साहित्य वाटेतच. इटालियन युद्धकैदी, स्थानिक एरिट्रियन मजूर, काही अमेरिकन आणि ब्रिटिश कारागीर, असे सगळे मिळून त्यांनी कामाला लावले. एक लक्षात घ्या, ज्या देशाने यंत्रं फोडली त्याच देशाचे कैदी ती यंत्रं जोडत होते. फुटलेले भाग सांधून, काही नव्याने ओतून कार्यशाळा पुन्हा चालू झाली. ब्रिटिशांनी इराणमधून आणलेली एक छोटी तरंगती गोदी होती, तिच्यात एकामागून एक जहाजं साफ होऊन जाऊ लागली.

मग त्यांनी मोठ्या इटालियन गोदीकडे पाहिलं. लांबी सुमारे ६०० फूट. तळाच्या पेटीला आठ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एकेक बॉम्ब. सात फुटले होते. आठव्यातला फुटलाच नव्हता, तो तसाच खाली होता! ब्रिटिश तज्ज्ञांनी पाहणी करून ती गोदी वर येणार नाही असं ठरवून टाकलं होतं. तळाला एवढी मोठाली भगदाडं, ती पाण्याखाली बुजवायची म्हणजे महिनोन् महिने जाणार.

एल्सबर्ग यांनी विचार उलटा केला. भोकं तळाला आहेत ना? मग ती बुजवायचीच कशाला?

आता इथे एक प्रयोग करून दाखवा. बादलीत पाणी घ्या. स्टीलचा ग्लास आत बुडवून पाण्याने भरू द्या आणि पाण्याखालीच उलटा करा. मग एक लवचीक नळी खालून ग्लासात घालून फुंका. ग्लासाचं तोंड खाली उघडंच आहे, तरी हवा आत जाते, पाणी खालून बाहेर पडतं आणि ग्लास हलका होऊन वर येऊ बघतो. तळाला भोक असलं तरी चालतं. भोक वर असेल तर मात्र हवा निसटते. म्हणून वरचं बूड घट्ट हवं.

मसावाच्या गोदीचं असंच होतं. स्फोटाने तळ फुटला होता, पण वरच्या बाजू आणि उंच भिंती बऱ्यापैकी शाबूत होत्या. पाणबुड्यांनी वरची झाकणं, नळांची तोंडं, फटी बंद केल्या आणि कॉम्प्रेसरने आत हवा सोडायला सुरुवात केली. रात्रंदिवस हवा भरत राहिले. पाणी ज्या भगदाडांतून आत शिरलं होतं त्याच भगदाडांतून बाहेर जाऊ लागलं. मे १९४२ मध्ये, काम सुरू केल्यापासून नऊ दिवसांत, वर्षभर तळाला पडलेली ती प्रचंड गोदी पाण्यावर आली.

नवं यंत्र आलं नव्हतं, जादाची माणसं आली नव्हती. सातवी-आठवीच्या पुस्तकातलं विज्ञानच वापरलं. पण ते वापरायची हिंमत दाखवली ती या माणसाने.

तीन युद्धनौका आणि एक लहान गोदी

त्यानंतर बुडालेली जहाजंही वर येऊ लागली. त्यात लीबेनफेल्स आणि फ्राउएनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजं होती. ही नावं वाचून गोव्याच्या वाचकांना काही आठवेल. मुरगाव बंदरात याच कंपनीची एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जहाजं युद्ध सुरू झाल्यावर आश्रयाला आली होती. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांनी कलकत्त्याहून गुपचूप पाठवलेली माणसं एरेनफेल्सवर चढली, तेव्हा खलाशांनी जहाजं स्वतःच बुडवली. जहाज शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तळाला गेलेलं बरं, हाच विचार मसावातही होता आणि मुरगावातही.

ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने विचारलं की 'डायडो', 'युरायलस' आणि 'क्लिओपात्रा' या तीन क्रूझर युद्धनौका मसावात दुरुस्त होतील का? अडचण अशी की इराणहून आणलेली चालू गोदी सहा हजार टनांची आणि एकेक क्रूझर त्याहून जड. सरळ हिशेबाने उत्तर 'नाही' असंच येतं. एल्सबर्ग यांनी पूर्ण जहाज उचलायचं सोडून दिलं. दुरुस्ती मागच्या भागाची आहे ना, मग गोदी तिरकी करून फक्त मागचा भाग वर घ्यायचा आणि पुढचा भाग पाण्यावर तरंगता ठेवायचा! जरा हिशेब चुकला असता तर गोदीही गेली असती आणि युद्धनौकाही. तिन्ही नौका अशाच एकामागून एक दुरुस्त होऊन परत लढाईवर गेल्या.

याच काळात त्यांना कॅप्टनपदी बढती मिळाली.

ओरान आणि नॉर्मंडी

नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्त सैन्य अल्जीरियात उतरलं. तिथल्या ओरान बंदरातही फ्रेंचांनी जहाजं आणि गोद्या बुडवून ठेवल्या होत्या. सेनापती आयझेनहॉवर यांच्या हाताखाली जहाजं वर काढण्याच्या कामाचे प्रमुख म्हणून एल्सबर्ग मसावाहून तिकडे गेले. डिसेंबरमध्ये 'स्ट्रॅथॅलन' या सैनिकवाहू जहाजावर पाणतीर लागला. जवळजवळ पाच हजार माणसं होती, बहुतेक सगळी वाचली. जळतं जहाज बंदरापर्यंत आणायची एल्सबर्ग यांनी फार धडपड केली, पण ओरान काही मैलांवर असताना ते बुडालं. तांबड्या समुद्रावरच्या उन्हाने आणि या दगदगीने त्यांची तब्येत ढासळली. १९४३ च्या सुरुवातीला त्यांना घरी पाठवावं लागलं.

तरी १९४४ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला हजर! फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायचं तर बंदर हवं आणि सगळी बंदरं जर्मनांच्या हातात. म्हणून दोस्तांनी बंदरच सोबत न्यायचं ठरवलं. सिमेंट-काँक्रीटच्या पोकळ पेट्या बांधल्या. मोठ्या पेट्या सहा हजार टनांच्या, पाच-सहा मजली इमारतीएवढ्या उंच. त्या इंग्लंडच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. ऐन वेळी त्या पंपाने वर काढून ओढत न्यायच्या. एल्सबर्ग यांनी जाऊन बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की आहे त्या पंपांनी या पेट्या वेळेत वर येणार नाहीत. एवढी मोठी मोहीम तोंडावर आलेली असताना असं सांगणं सोपं नसतं. सगळे 'तयारी पूर्ण आहे' म्हणत असतात. पण त्यांचं म्हणणं वरपर्यंत गेलं, काम ब्रिटिश नौदलाच्या अनुभवी लोकांकडे दिलं गेलं आणि पेट्या निघाल्या. ६ जून १९४४ नंतर एल्सबर्ग स्वतः ओमाहा किनाऱ्यावर गेले. १९ जूनला सुरू झालेल्या वादळात तिथलं अमेरिकन बंदर मोडलं. पलीकडचं ब्रिटिश बंदर मात्र टिकलं आणि पुढे कित्येक महिने सैन्याला रसद पुरवत राहिलं.

पदकं आणि पुस्तकं

युद्धातल्या कामाबद्दल त्यांना अमेरिकेचं 'लिजन ऑफ मेरिट' आणि ब्रिटनचा 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा सन्मान मिळाला. पहिलं 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल' आधीचं होतंच. निवृत्त झाले तेव्हा हुद्दा होता रिअर अ‍ॅडमिरल.

त्यांनी आपले अनुभव पुस्तकांतून लिहिले. एस-५१ वर 'ऑन द बॉटम', मसावावर 'अंडर द रेड सी सन', उत्तर आफ्रिकेवर 'नो बॅनर्स, नो ब्यूगल्स' आणि नॉर्मंडीवर 'द फार शोअर'. तिसऱ्या नावाचा अर्थ बघा. झेंडे नाहीत, बिगूल नाहीत. आपल्या कामाचं याहून नेमकं वर्णन त्यांना करता आलं नसतं. या पुस्तकांमुळेच त्यांच्यासोबत खपलेले पाणबुडे, मिस्त्री, मजूर आज आपल्याला माहीत आहेत. पदक एकाच्या छातीवर लागतं, काम मात्र अनेकांचं असतं. २४ जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी एल्सबर्ग यांचं निधन झालं.

वर्गात आणि घरी

हा पाठ घेताना मुलांना तीन प्रश्न विचारून बघा. शत्रूचं जहाज बुडवणारा आणि बुडालेलं जहाज वर काढणारा, दोघांच्या धैर्यात फरक काय? एस-४ मधले सहा जण वाचले नाहीत, मग त्या मदतीला गेलेल्यांची मेहनत फुकट गेली का? आणि तज्ज्ञांनी 'होणार नाही' म्हटलं की आपण ऐकायचं, की एकदा स्वतः खाली उतरून बघायचं? उत्तरं आपण सांगू नयेत. मुलांना भांडू द्यावं, बोलू द्यावं.

पालकांसाठीही एक सांगणं आहे. घरात मिक्सर बिघडला, सायकलची चेन निसटली की मूल त्यात हात घालायला येतं. आपण लगेच ओरडतो, पसारा करू नकोस म्हणून. वीज बंद करून, शेजारी बसून, त्याला ते उघडू द्या. दुरुस्त झालं तर त्या दिवशी शाबासकी द्या, जशी पहिला नंबर आल्यावर देतो तशी. आणि नाही झालं, तर ते का झालं नाही हे त्याच्याकडूनच ऐकून घ्या.